चार ट्रान्झिस्टर आणि एक ‘का?’

फोनमधल्या आकड्यांचं गाणं करते ती डॅक नावाची चिप. तिच्या पुढचा छोटासा टप्पा सुट्या ट्रान्झिस्टरनी घरच्या टेबलावर बांधता येतो. त्यासाठी पुण्या-मुंबईतली लॅब लागत नाही, कुंडलमध्येही होतं. पण रेडिमेड चिप स्वस्तात मिळत असताना हा उद्योग करायचा कशाला?

घरात आजोबा असतील तर त्यांना एक प्रश्न विचारा. ट्रान्झिस्टर म्हणजे काय? ते लगेच सांगतील, रेडिओ! चामडी कव्हरातला, खांद्याला अडकवून रानात नेता यायचा तो. आता हाच प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला असलेल्या मित्राला विचारा. तो सांगेल, तीन पायांचं सेमीकंडक्टर डिव्हाइस. एमिटर, बेस आणि कलेक्टर. दोघंही बरोबरच.

गंमत बघा. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर जन्मला १९४७च्या डिसेंबरमध्ये. १९५४मध्ये बाजारात आलेल्या रीजन्सी टीआर-१ या पहिल्या ट्रान्झिस्टर रेडिओत फक्त चार ट्रान्झिस्टर होते. पुढे त्या सुट्या भागाचं नाव अख्ख्या रेडिओलाच चिकटलं. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ते अब्जावधी आहेत, पण त्यातला एकही डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही.

आज आपण चारच ट्रान्झिस्टर घेणार आहोत. दिसणारे, हातात धरता येणारे आणि चहाच्या कपापेक्षाही स्वस्त. त्यांचा डॅकसाठी आउटपुट स्टेज बनवायचाय. घाबरू नका. मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे, बारावीनंतर फिजिक्सला रामराम ठोकलाय. त्यामुळे मला समजेल अशाच भाषेत सगळं लिहिणार आहे.

डॅक कुठे असतो?

तुमच्याकडेही असणारच. नव्या फोनला इअरफोनचं गोल भोक नसतं, म्हणून आपण टाइप-सीचा छोटा डोंगल लावतो. त्या डोंगलच्या पोटात जी चिप बसलेली असते, ती डॅक. म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर.

गाणं फोनमध्ये असतं ते आकड्यांच्या रूपात. सीडीच्या दर्जाचं गाणं घेतलं तर दर सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे. प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी. स्पीकरला आकडे कळत नाहीत. त्याला लागतं खालीवर होणारं व्होल्टेज. आकडा वाचून त्याच्या मापाचं व्होल्टेज देणं, एवढंच डॅकचं काम.

प्रयोगासाठी सोपा पर्याय म्हणजे पीसीएम ५१०२ए ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप बसवलेलं तयार मॉड्यूल. ईएसपी ३२ किंवा रास्पबेरी पायला ते तीन तारांनी जोडता येतं. शिवाय ग्राउंड आणि वीज असतेच. मॉड्यूलची एससीके ही पिन तेवढी ग्राउंडला लावायची. चिपमधून सर्वांत मोठ्या आवाजाला २.१ व्होल्ट आरएमएस निघतात. लाटेचं शिखर धरलं तर सुमारे ३ व्होल्ट वर आणि ३ व्होल्ट खाली. पुढच्या हिशेबात हा ३चा आकडा लागणार आहे.

चिप आहे, मग पुढचा टप्पा कशाला?

डॅकच्या आतलं काम नाजूक असतं. बाहेर मात्र लांब वायरी, जुनाट ॲम्प्लिफायर, ढिल्या पिना आणि चुकून शॉर्ट करणारी बोटं असतात. या दोघांच्या मधे एक दणकट गडी उभा करायचा, तो म्हणजे आउटपुट स्टेज. सिग्नलचा आकार तसाच ठेवून त्याला दम द्यायचा आणि बाहेरचा त्रास चिपपर्यंत जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम.

कारखान्यात बनलेल्या उपकरणांत हे काम बहुतेकदा ऑप-ॲम्प करतो. एनई ५५३२ हे त्यातलं जुनं आणि विश्वासू नाव. आठ पायांची इवलीशी चिप, आत डझनावारी ट्रान्झिस्टर. आपण बांधणार आहोत तो ‘डिस्क्रीट’ स्टेज, म्हणजे सुट्या भागांचा. प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि प्रत्येक रेझिस्टर आपणच निवडलेला आणि आपणच टाका मारलेला.

एक गोष्ट आधीच सांगते. पीसीएम ५१०२एला साध्या ॲम्प्लिफायरचा भार एकट्यानेही झेपतो. आपला स्टेज नसला तरी गाणं वाजेलच. मग का करायचं, ते शेवटी बोलू.

पाटाचं दार

पाटाच्या पाण्यावर वाढलेल्यांना ट्रान्झिस्टर समजावणं सोपं आहे. दार उचलायला माणसाचा हात पुरतो, पण उसाच्या सरीत धावणारं पाणी त्या हाताचं नसतं, ते धरणाचं असतं. हात हलेल तसं पाणी कमीजास्त होतं.

ट्रान्झिस्टरमध्ये डॅकचा सिग्नल म्हणजे तो हात. तो बेसवर लागतो. धरण म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी. कलेक्टरमधून येऊन एमिटरमधून बाहेर जाणारा करंट म्हणजे पाणी. आपल्या बीसी ५४७बी या ट्रान्झिस्टरमध्ये बेसला जेवढा करंट लागतो, त्याच्या सुमारे २०० ते ४५० पट करंट कलेक्टरमधून वाहतो.

आपण ज्या पद्धतीने तो जोडणार आहोत तिला ‘एमिटर फॉलोअर’ म्हणतात. फॉलोअर म्हणजे मागोमाग चालणारा. बेस जिथे जाईल तिथे एमिटर जातो, फक्त सुमारे ०.६५ व्होल्ट खालून. बेस ३ व्होल्टने चढला की एमिटरही जवळजवळ ३ व्होल्टने चढतो. व्होल्टेज वाढत नाही, वाढतो तो दम.

जाता जाता एक माहिती. ‘बीसी’ ही अक्षरं उगाच नाहीत. युरोपियन नामकरणात पहिलं अक्षर पदार्थाचं : ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं अक्षर कामाचं : सी म्हणजे कमी पॉवरचं, आवाजाच्या पट्ट्यातलं काम. म्हणून जुन्या रेडिओत सापडणारा एसी १२८ जर्मेनियमचा आणि आपला बीसी ५४७ सिलिकॉनचा. आपला गडी नावानेच ऑडिओवाला आहे!

चला, बांधायला घेऊ

खाली सांगितलंय ते एका चॅनेलचं, म्हणजे एका कानाचं. दुसऱ्यासाठी तसंच दुसरं करायचं. आधी ब्रेडबोर्डवर जमवा, चाललं की झिरो पीसीबीवर टाके मारा.

पहिलं काम, बेसला बसायला जागा करून देणं. आपल्याकडे ० ते १२ व्होल्टचा एकच पुरवठा आहे, पण सिग्नलला वरही जायचंय आणि खालीही. म्हणून एमिटर साधारण मध्यावर, ६ व्होल्टला ठेवायचा. त्यासाठी १२ व्होल्टपासून १० किलोओहमचा रेझिस्टर एका बिंदूपर्यंत आणा, आणि त्या बिंदूपासून १५ किलोओहमचा ग्राउंडला न्या. या बिंदूला ‘अ’ म्हणू. इथे सुमारे ७ व्होल्ट दिसतील. ‘अ’पासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पुरवठ्यातली घरघर तो इथेच गिळतो. हा कपॅसिटर गाळला तर ॲडॉप्टरमधला खरखराट बेसकडे येऊ शकतो.

दुसरं, सिग्नलची वाट. डॅकच्या आउटपुटपासून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यापुढे २२० ओहम आणि मग बेस. कपॅसिटर आणि २२० ओहम जिथे जुळतात तिथेच ‘अ’ बिंदूपासून २२ किलोओहमचा रेझिस्टर आणून मिळवा. कपॅसिटरची प्लस बाजू बेसकडे, कारण तिथे ६-७ व्होल्ट आहेत आणि डॅककडे शून्य. हा कपॅसिटर डीसी अडवतो आणि गाणं जाऊ देतो. २२० ओहमचं काम ट्रान्झिस्टरला ताळ्यावर ठेवण्याचं. तो नसेल तर ऐकू न येणाऱ्या मोठ्या फ्रिक्वेन्सीला ट्रान्झिस्टर स्वतःच थरथरायला लागू शकतो.

तिसरं, ट्रान्झिस्टर. कलेक्टर थेट १२ व्होल्टला. एमिटरपासून १ किलोओहम ग्राउंडला. एमिटरवर ६ व्होल्ट म्हणजे ओहमच्या नियमाने ६ मिलिअँपिअर. गाणं चालू असो वा नसो, हा करंट कायम वाहत राहणार. यालाच ‘क्लास ए’ म्हणतात.

चौथं, बाहेरची वाट. एमिटरपासून १० मायक्रोफॅरड, प्लस बाजू एमिटरकडे. पुढे १०० ओहम आणि मग आरसीए सॉकेट. कपॅसिटरच्या बाहेरच्या टोकापासून ग्राउंडला १०० किलोओहम लावायला विसरू नका. तो नसेल तर वायर जोडताना स्पीकरमधून ‘धप्प’ ऐकू येईल.

झालं. एक ट्रान्झिस्टर, सात रेझिस्टर, तीन कपॅसिटर. बोर्डवर जिथे वीज येते तिथे प्लस आणि ग्राउंडमध्ये आणखी एक १०० मायक्रोफॅरड आणि एक ०.१ मायक्रोफॅरड लावा, तो दोन्ही चॅनेलना मिळून एकच.

पायांचा क्रम मात्र जपा. बीसी ५४७ची सपाट बाजू स्वतःकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानात त्याच्याऐवजी २एन३९०४ हातात पडला तर क्रम उलटा असतो : एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोघं जुळे भाऊच.

आधी मीटर, मग गाणं

सगळं जोडलं की पहिला मोह होतो गाणं लावायचा. थोडं थांबा. डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही बाजूला ठेवा, नुसती बॅटरी जोडा आणि मल्टीमीटर घ्या. काळी पिन ग्राउंडला.

‘अ’ बिंदूवर ७ व्होल्टच्या आसपास. बेसवर साधारण ६.५. एमिटरवर त्याहून ०.६ ते ०.७ने कमी, म्हणजे ६ व्होल्टच्या जवळपास. ट्रान्झिस्टर बदलला तर अर्धा व्होल्ट इकडेतिकडे होईल, चालतं.

एमिटरवर शून्य दिसलं तर? बेसवरही शून्य असेल तर ‘अ’कडून येणारी वाट तुटली आहे. बेसवर व्होल्टेज आहे पण एमिटरवर नाही, तर ट्रान्झिस्टरचा पाय चुकलाय किंवा तो मेलाय. एमिटरवर जवळपास १२ दिसले तर कलेक्टर आणि एमिटर कुठेतरी एकमेकांना चिकटलेत. दुरुस्ती करणारे मिस्त्री डोळे बारीक करून मीटर लावतात तेव्हा हेच करत असतात. प्रत्येक बिंदूवर काय असायला हवं हे त्यांना माहीत असतं. जे तसं नाही, तिथे दोष. आता तुम्हालाही ते माहीत आहे.

आकडे बरोबर आले की डॅक जोडा, मग ॲम्प्लिफायर जोडा. चालू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. कपॅसिटर भरताना आणि रिकामे होताना येणारा धक्का स्पीकरला बसत नाही.

हेडफोन थेट लावायचा नाही. कारण साधं आहे. आपल्याकडे ६ मिलिअँपिअरच आहेत. ॲम्प्लिफायरचा भार १० किलोओहमच्या घरातला असतो, त्याला ते भरपूर झाले. ३२ ओहमच्या हेडफोनला मात्र ६ मिलिअँपिअरमध्ये ०.२ व्होल्टच्या आतच मिळतील, त्यापुढे लाट खालून कापली जाईल आणि आवाज फाटेल.

आता एक बदल करू

इथवर जमलं तर शाबास. पण खरी शिकवण इथून पुढे आहे.

एमिटर बेसच्या मागोमाग चालतो असं म्हटलं, पण अगदी तंतोतंत नाही. मधलं ते ०.६५ व्होल्टचं अंतर करंटप्रमाणे किंचित बदलतं. सिग्नल ३ व्होल्ट वर गेला की १ किलोओहममधला करंट ६वरून ९ मिलिअँपिअर होतो, ३ व्होल्ट खाली आला की ३. करंट एवढा हलतो म्हणून अंतरही हलतं, आणि लाटेचा आकार किंचित बिघडतो. कागदावर हिशेब केला तर पूर्ण आवाजाला ही विकृती ०.०७ टक्क्यांच्या आसपास येते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पीसीएम ५१०२एच्या डेटाशीटवर विकृतीचा आकडा उणे ९३ डेसिबल, म्हणजे साधारण ०.००२ टक्के आहे. मॉड्यूलने जे स्वच्छ दिलं, त्यात आपण तीसेक पट जास्त भेसळ केली!

आता उपाय. दोष करंट हलण्यात आहे ना? मग करंट हलूच द्यायचा नाही. १ किलोओहम काढा आणि त्या जागी दुसरा बीसी ५४७बी बसवा. त्याचा कलेक्टर पहिल्याच्या एमिटरला, त्याचा एमिटर २२० ओहममधून ग्राउंडला. त्याच्या बेसपासून ग्राउंडला एक लाल एलईडी, लांब पाय बेसकडे. आणि १२ व्होल्टपासून ४.७ किलोओहम त्याच बेसला. लाल एलईडी सुमारे १.८ व्होल्ट धरून ठेवतो. त्यातले ०.६५ ट्रान्झिस्टर घेतो, उरलेले १.१५ व्होल्ट २२० ओहमवर पडतात. म्हणजे ५ मिलिअँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट, आणि तो जवळजवळ स्थिर. याला म्हणतात ‘कॉन्स्टंट करंट सोर्स’. पाटकऱ्याने मोजून सोडलेलं पाणीच म्हणा ना.

आता सिग्नल वरखाली झाला की करंट बदलतो तो फक्त ॲम्प्लिफायरच्या भारापुरता, १० किलोओहम धरले तर ०.३ मिलिअँपिअर. आधी ३ हलत होते, आता ०.३. ही विकृती करंटच्या हलण्याच्या वर्गाने बदलते. दहापट कमी हललं की विकृती शंभरपट कमी. हिशेबात ती ०.००१ टक्क्याच्याही खाली जाते. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरचे इतर बारीक दोष असतात, म्हणून मोजमापात एवढा सुंदर आकडा येईलच असं नाही. पण फरक दिसतो, आणि तो कशाने पडला हे तुम्हाला ठाऊक असतं.

दोन चॅनेलचे मिळून आता ट्रान्झिस्टर झाले चार. त्या पहिल्या रेडिओएवढेच!

कॉम्प्युटरला लाइन-इन असेल तर रूम ईक्यू विझार्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरने दोन्ही अवतार मोजून बघा. १ किलोओहमवालं आणि एलईडीवालं, दोन आलेख शेजारी शेजारी ठेवा. साउंडकार्डाची स्वतःची विकृतीही त्यात मिसळते, म्हणून आधी साउंडकार्डाचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून त्याचा आलेख काढून ठेवायचा.

मग आवाज गोड होतो का?

‘डिस्क्रीट म्हणजे आवाज एकदम उबदार, जिवंत, ऑप-ॲम्प म्हणजे कोरडा’ असं हाय-फायच्या दुनियेत छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतील. त्यांच्या नादी लागून खिसा रिकामा करण्याआधी थोडं मिरजेला जाऊन येऊ.

कुंडलपासून फार लांब नाही मिरज. तिथल्या सतारमेकर गल्लीतल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची खासियत त्याच्या जवारीत. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर अशी जागा शोधतो, की एका तारेतून नुसता षड्ज न येता त्याच्यासोबत वरच्या स्वरांची अख्खी रांग झंकारते. त्या स्वरांना म्हणायचं हार्मोनिक.

आपल्या एका ट्रान्झिस्टरच्या स्टेजमध्ये जी विकृती होते, ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची. म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सी. २४० हर्ट्झचा सा असेल तर ४८०, म्हणजे तार सा. बरोबर एक सप्तक वर! तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तो तार सा आधीच भरभरून असतो. त्यात आपला ०.०७ टक्के मिसळला तर कानाला वेगळा कळणं महाकठीण. विकृती असूनही डिस्क्रीट स्टेज कानाला खुपत नाही याचं एक कारण हेच. तो सुरात चुकतो.

पण यालाच ‘ऑप-ॲम्पपेक्षा चांगला’ म्हणायचं का? मोजमापात एनई ५५३२सारखा ऑप-ॲम्प आपल्या पहिल्या अवताराला सहज हरवतो. कानाची परीक्षा घ्यायची असेल तर डोळे बांधून घ्या. एका मित्राला तारा बदलायला बसवा, कुठला जोडलाय ते सांगायचं नाही, आणि वीस वेळा ओळखा. वीसपैकी दहा-अकरा बरोबर आले तर ते नुसतं छापाकाटा आहे. आवाजाची पातळी मात्र दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर जो किंचित मोठा तोच कानाला चांगला वाटतो. आपल्या स्टेजमध्ये व्होल्टेज जेमतेम एक-दीड टक्का घटतं, त्यामुळे ही अडचण फारशी येत नाही.

मग करायचं कशाला?

प्रत्येक कॉलेजात फेब्रुवारी-मार्चमध्ये एक दृश्य दिसतं. फायनल इयरचे प्रोजेक्ट. बॉक्समध्ये बोर्ड, बोर्डवर मॉड्यूल, मॉड्यूलवर स्टिकर, सोबत छापील रिपोर्ट. सगळं विकत मिळतं. चालू केलं की चालतं. मग व्हायवाला सर बोर्डवरच्या एका रेझिस्टरवर पेन्सिल ठेवून विचारतात, ‘हा इथे का आहे?’ आणि चौघंही एकमेकांकडे बघतात.

मॉड्यूल वापरण्यात वाईट काही नाही. आपणही डॅकचं मॉड्यूल तयारच घेतलं. एवढी चिप घरी कोण बनवणार? पण साखळीत एक तरी कडी अशी असावी, जिच्यातल्या प्रत्येक तुकड्याचं ‘का?’ तुम्हाला सांगता येईल. २२० ओहम का, १०० किलोओहम का, कपॅसिटरची प्लस बाजू इकडे का. आउटपुट स्टेज त्यासाठी अगदी बेताचा आहे. एका पानावर मावतो, एका रविवारी होतो, चुकला तर मीटर लगेच सांगतो, आणि जमला तर गाणं वाजतं.

कुंडलला हे वेगळं सांगायला नको. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाने दिलेल्या माळावर कारखाना उभा केला, तो कुंडलच्या शेजारीच. रेल्वे स्टेशनचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं, पुढे ते किर्लोस्करवाडी झालं. लक्ष्मणरावांनी सुरुवात केली होती बेळगावात सायकलच्या दुकानापासून. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेल्या काळात त्यांनी तो नांगर विकला. शेतकऱ्याच्या हातात बसेल आणि मोडला तर इथेच दुरुस्त होईल अशी वस्तू इथेच बनवायची, हा विचार त्यामागे होता.

आज आपल्या गावागावांत वस्तू खूप आहेत. लग्नातला मिक्सर, गणपतीतली साउंड सिस्टीम, मंदिरातला ॲम्प्लिफायर, शाळेतला माइक. त्यातलं काही बिघडलं की दोनच पर्याय : सांगली-कोल्हापूरला न्या, नाहीतर नवीन घ्या. पुष्कळदा बिघाड असतो एका कपॅसिटरचा नाहीतर एका ट्रान्झिस्टरचा. तो शोधायला डिग्री लागत नाही. कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट असावेत, एवढं माहीत असावं लागतं. चार ट्रान्झिस्टर लावून तुम्ही शिकता ते हे.

पुढची पायरी

हात बसला की पुढे जा. काही डॅक चिप व्होल्टेज देत नाहीत, करंट देतात. पीसीएम १७९४ए ही त्यातली एक. अशा चिपला आपलं आउटपुट एकाच व्होल्टेजवर स्थिर राहिलेलं हवं असतं. तिथे ट्रान्झिस्टर उलटा वापरतात. बेस स्थिर ठेवायचा आणि सिग्नल एमिटरमध्ये सोडायचा. याला ‘कॉमन बेस’ म्हणतात. एमिटरला दिसणारा अडथळा म्हणजे २६ मिलिव्होल्ट भागिले करंट. ५ मिलिअँपिअरला तो जेमतेम ५ ओहम. करंट विनातक्रार आत शिरतो, कलेक्टरकडून बाहेर पडतो आणि तिथल्या रेझिस्टरवर त्याचं व्होल्टेज होतं. त्याच्यापुढे पुन्हा आपला ओळखीचा एमिटर फॉलोअर. म्हणजे आज जे शिकलात ते वाया जात नाही.

पण आधी आजचं करा. ते वाजलं की बोर्ड घेऊन आजोबांकडे जा. ‘हे चार ट्रान्झिस्टर’ म्हणून दाखवा. ‘यात स्टेशन कुठलं लागतं?’ असं ते विचारतीलच. मग सांगा त्यांना, पहिल्या रेझिस्टरपासून.

सामान काय लागेल? (दोन्ही चॅनेलसाठी)

- बीसी ५४७बी : ४, आणि दोन जास्तीचे
- रेझिस्टर, पाव वॅट : १०० ओहम २, २२० ओहम ४, १ किलोओहम २, ४.७ किलोओहम २, १० किलोओहम २, १५ किलोओहम २, २२ किलोओहम २, १०० किलोओहम २
- इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, २५ व्होल्ट : १० मायक्रोफॅरड ४, १०० मायक्रोफॅरड ३
- ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर : १
- लाल एलईडी : २
- ब्रेडबोर्ड किंवा झिरो पीसीबी, आरसीए सॉकेट, मल्टीमीटर
- टाके मारायचे तर २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर वायर

जुन्या टीव्ही-रेडिओच्या बोर्डवरचे ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर तपासून वापरता येतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र नवेच घ्या, जुने आतून वाळलेले असतात.

हे जपा

- वीज १२ व्होल्टच्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही चॅनेलना मिळून सुमारे १६ मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची बॅटरी आठवडाभर सहज पुरते. लाइट गेली तरी गाणं चालू, आणि मेन्सची ५० हर्ट्झची घूं-घूंही नाही.
- बॅटरीच्या प्लस वायरीत छोटा फ्यूज घालाच. शॉर्ट झाल्यावर बॅटरी वायर वितळवू शकते.
- घरच्या २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मरचा प्रयोग एकट्याने करू नका. तो जाणत्या माणसासोबतच.
- डॅक मॉड्यूलची वीज वेगळी असली तरी ग्राउंड एकत्र जोडायला हवा. सगळे ग्राउंड एका बिंदूवर आणले तर घरघर कमी होते.
- वायर काढताना किंवा भाग बदलताना आधी ॲम्प्लिफायर बंद करा, मग बॅटरी काढा.